१२८ की २५६? आणि बॅकअप म्हणजे नक्की काय घ्यायचा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे की सध्याचा ६४ जीबीचा फोन कायम फुल दाखवतोय, नवीन वीस-बावीस हजारात घ्यायचाय, १२८ आणि २५६ मध्ये दोन हजाराचा फरक पडतोय, गूगल फोटोज आहेच तर जास्त स्टोरेजचे पैसे कशाला घालवायचे, आणि बॅकअपला हार्डडिस्क बरी की क्लाउड. उत्तर आधीच देऊन टाकतो. २५६ घ्या, क्लाउड घ्या, हार्डडिस्क पण घ्या, आणि तिन्ही मिळून बजेट ओलांडत असेल तर फोन एक मॉडेल खालचा बघा पण बॅकअपचे पैसे कापू नका. मी सांगलीत मोबाईलचं बोर्ड रिपेअरिंग आणि डेटा रिकव्हरी करतो, माझ्याकडे माणूस येतो तोच मुळात सगळं गेल्यावर येतो, त्यामुळे माझं बोलणं जरा एका बाजूला झुकलेलं वाटेल, ते गृहीत धरूनच वाचा.

आधी स्टोरेजचा हिशोब. बॉक्सवर १२८ असतं ते कंपनीच्या मापाने, १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट. कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत मोजतो, त्याच्या मापाने तेच ११९ भरतं. त्यातून अँड्रॉइड, त्यावर फोन कंपनीने चढवलेला स्वतःचा साज म्हणजे स्किन, आणि तुम्ही न मागता आलेली अ‍ॅप्स मिळून साधारण १५ ते २५ जीबी पहिल्या दिवशीच जातात. वर दुकानदार सांगतो ८ अधिक ८ म्हणजे १६ जीबी रॅम, ती जी वरची ८ आहे ना ती स्टोरेजमधूनच कापलेली असते, रॅम नसतेच ती. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, फरक काही पडत नाही आणि जागा परत मिळते. म्हणजे १२८ मध्ये तुमच्या हातात खरे नव्वद-पंच्याण्णव. त्यातही शेवटचे दहा-पंधरा टक्के रिकामेच ठेवायचे असतात कारण फोनचं स्टोरेज म्हणजे फ्लॅश मेमरी, तिच्यात जुन्या जागेवर सरळ नवीन लिहिता येत नाही, आधी आख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि रिकामे ब्लॉक संपले की फोनला प्रत्येक वेळी इकडचा डेटा तिकडे सरकवत बसावं लागतं. तुमचा ६४ वाला आता कॅमेरा उघडायला पाच सेकंद घेत असेल तर त्यात हे एक मोठं कारण आहे, फोन म्हातारा झालाय असंच काही नाही.

मग उरलेल्या ऐंशी जीबीत काय बसतं? फोटोंचं टेन्शन घेऊ नका, साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो ३ ते ५ एमबीचा असतो, दहा हजार फोटो काढले तरी चाळीसेक जीबी. (५० मेगापिक्सेलचा मोड कायम चालू ठेवणारे लोक आहेत, त्यांचा एक फोटो १० ते १५ एमबीला जातो आणि मोबाईलवर बघताना दोघांत फरक ओळखता येत नाही, पण असो.) जागा खातो तो व्हिडिओ. १०८०पी मध्ये मिनिटाला साधारण १३० एमबी, ४के ला साधारण ३५० एमबी. म्हणजे मुलीच्या गॅदरिंगचा वीस मिनिटांचा डान्स ४के मध्ये शूट केला की सात जीबी संपले, आणि घरी येऊन तो परत कोण बघतं ते सोडा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी किंवा ‘हाय एफिशियन्सी’ असा पर्याय असतो, तो चालू केला की हेच आकडे बरेच खाली येतात. आयफोनवर एचईव्हीसी धरून ४के ३० फ्रेमला मिनिटाला १७० एमबी आणि १०८०पी ला साधारण ६० एमबी लागतात. त्यामुळे कोणी मला विचारलं की किती जीबी घेऊ तर मी उलट विचारतो, व्हिडिओ किती काढता आणि कशात काढता, बाकी प्रश्न नंतरचे.

दुसरा खाणारा व्हॉट्सअ‍ॅप. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, बहिणीच्या सासरचा ग्रुप, प्रत्येकात सकाळी तोच सूर्योदयाचा फोटो तुमच्या फोनमध्ये वेगळा उतरतो. रिपेअरिंगला येणाऱ्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर वीस-तीस जीबीचं असणं मला आता नवल वाटत नाही. तुमच्या सध्याच्या फोनवर आजच एक करा: व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि खूपदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवतो. तेवढ्यावर हात फिरवला तरी आठ-दहा जीबी सुटतात बऱ्याच जणांचे. आणि ऑटो डाउनलोड बंद. प्ले स्टोअरवरची ती झाडूची चित्रं असलेली क्लीनर अ‍ॅप्स मात्र अजिबात टाकू नका, ती साफ काय करायची ती करोत, जाहिराती मात्र भरपूर दाखवतात आणि मागे चालू राहून बॅटरी खातात.

म्हणजे कोणाला किती? आई-वडिलांना, ज्यांचं काम कॉल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब आणि पेमेंट, त्यांना १२८ पुरतं, ऑटो डाउनलोड बंद करून दिलं तर आरामात पुरतं. घरात लहान मूल असेल, गेम असतील, फोन चार वर्षं वापरायचा असेल तर २५६. रील्स किंवा यूट्यूब हा धंदा असेल तर ५१२, ते तुम्हाला लागत नाही. ६४ आता नवीन घेऊच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. कंपन्यांनाही हे कळलंय, आयफोन १६ चं सुरुवातीचं मॉडेल १२८ चं होतं आणि २०२५ मध्ये आलेल्या १७ ला २५६ पासूनच सुरुवात केली.

अजून एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही. जागा किती याच्याइतकंच ती जागा कसली आहे हे बघा. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी नावाची हळू मेमरी असते, तिचा वाचण्याचा वेग सेकंदाला साधारण अडीचशे-तीनशे एमबी, यूएफएस ही वेगवान जात, तिच्या २.२ मध्ये तो हजाराच्या आसपास, ३.१ मध्ये दोन हजारांच्या. तुमच्या बजेटमध्ये यूएफएसच घ्या, स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं नसेल तर तेही एक उत्तरच समजा. कधीकधी एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिएंटमध्ये पण फरक असतो, सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२३ मध्ये १२८ वाल्याला यूएफएस ३.१ होती आणि २५६ वाल्याला ४.०, बाकी फोन सेम.

मेमरी कार्ड टाकू का हा प्रश्न पुढे येणारच म्हणून आत्ताच. स्लॉट असेल तर टाका, पण त्यात गाणी, पिक्चर, ऑफलाइन कोर्सचे व्हिडिओ, असं गेलं तरी रडू येणार नाही तेच ठेवा. कॅमेऱ्याचं सेव्हिंग कार्डवर लावून दोन-तीन वर्षं विसरून जाणारे खूप आहेत, कार्ड उन्हाने, घाईत काढल्याने किंवा काहीच न होता एके दिवशी ‘फॉरमॅट करा’ म्हणायला लागतं. बनावट कार्डं तर ऑनलाइन पण येतात, आत ३२ जीबीची चिप आणि वर लेबल ५१२ चं, भरेपर्यंत सगळं व्यवस्थित चालतं आणि मग पुढच्या फाइली नुसत्या नावापुरत्या राहतात, उघडत नाहीत. नवीन कार्ड आणलं की आधी कॉम्प्युटरला लावून पूर्ण भरून तपासायचं, त्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. आणि काही फोनमध्ये ‘कार्ड इंटर्नल म्हणून वापरा’ असा पर्याय येतो, तो घेऊ नका, ते कार्ड त्या फोनपुरतं एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होतं, फोन मेला की कार्ड धडधाकट असूनही बाहेर कुठेच वाचता येत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, कारण लोकांचा एक जुना समज पक्का आहे की फोन बंद पडला तरी डेटा आत असतोच, कोणीतरी काढून देईल. आधी काही प्रमाणात तसं होतंही. बोर्डवरची मेमरी चिप उचलायची, रीडरला लावायची, फोटो बाहेर. आता होत नाही. अँड्रॉइड १० पासून येणाऱ्या प्रत्येक नवीन फोनला एन्क्रिप्शन सक्तीचं आहे, आयफोनला तर त्याच्या कितीतरी आधीपासून. मेमरी चिपमध्ये जे आहे ते कुलूपबंद आहे आणि त्या कुलपाची किल्ली प्रोसेसरमध्ये आहे आणि ती पण तुमच्या पिनशिवाय फिरत नाही. म्हणजे आजच्या फोनमधून डेटा काढायचा तर मला तोच प्रोसेसर, तीच मेमरी जिवंत करून तो फोन लॉक स्क्रीनपर्यंत न्यावा लागतो आणि मग तुम्ही पिन टाकायचा. डिस्प्ले फुटला, चार्जिंग पोर्ट गेला, बॅटरी गेली, पॉवर आयसी गेला, हे सगळं जमतं. प्रोसेसर किंवा मेमरी चिपच गेली तर विषय संपला, पैसे घेऊन पण कोणी देऊ शकत नाही, आणि देतो म्हणणाऱ्याला आधी पैसे देऊ नका. फॅक्टरी रीसेट झाला तरी तेच, रीसेटमध्ये किल्लीच पुसली जाते. ‘डिलीट झालेले फोटो परत आणा’ वाली अ‍ॅप्स पण आजच्या फोनमध्ये बहुतेक वेळा गॅलरीच्या जुन्या थंबनेलच दाखवतात, कारण डिलीट केलेली जागा फोन स्वतःच मागच्या मागे साफ करत असतो. मेमरी कार्डमधून डिलीट झालेलं मात्र बऱ्याचदा निघतं, कार्ड लगेच काढून ठेवलं तर.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात इथे सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, गावभाग, मारुती चौक सगळं पाण्यात, २०२१ ला परत तेच. पूर ओसरल्यावर टेबलावर चिखलातले फोन यायला लागले आणि लोक सोबत लॅपटॉप आणि हार्डडिस्कपण घेऊन यायचे. म्हणजे माणसाने बॅकअप घेतला होता बरं का, व्यवस्थित घेतला होता, पण तो त्याच घरात त्याच कपाटात खालच्या कप्प्यात होता. घरातली कॉपी ही घरासोबत जाते. तुम्ही हार्डडिस्क की क्लाउड विचारलंत त्याचं उत्तर मी तेव्हापासून ‘दोन्ही’ असंच देतो. कॉम्प्युटरवाल्यांमध्ये याला ३-२-१ म्हणतात, तीन कॉप्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. फोनमधली एक, क्लाउडची एक, हार्डडिस्कची एक, झालं तीनाचं गणित, त्यात फार काही नाही. (पाण्यात बुडालेली हार्डडिस्क कधी वाळवून लावून बघू नका, फिरली की आतला चिखल डेटाची चकती, म्हणजे प्लॅटर, खरवडतो. ओली असेल तशीच पिशवीत घालून रिकव्हरीवाल्याकडे न्या.)

गूगल फोटोज आहेच, असं तुम्ही म्हणालात. आहे, पण किती आणि कसं आहे ते बघा. १ जून २०२१ पर्यंत ‘हाय क्वालिटी’मध्ये अनलिमिटेड फुकट होतं, लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. त्यानंतर जे चढतं ते १५ जीबीत मोजलं जातं आणि ते १५ जीबी फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह तिघांना मिळून. २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपचा अँड्रॉइड बॅकअपही त्याच १५ जीबीत धरतात. म्हणजे फुकटचा कोटा बहुतेकांचा कधीच भरलेला असतो, बॅकअप थांबलेला असतो आणि वर येणारं नोटिफिकेशन रोज उजवीकडे सरकवून टाकलेलं असतं. आत्ता लगेच गूगल फोटोज उघडा, वर उजवीकडे स्वतःच्या फोटोवर दाबा, ‘बॅकअप पूर्ण’ लिहिलंय की अमुक इतके आयटम बाकी आहेत ते बघा. बाकी असतील तर पुढचं वाचायच्या आधी ते.

त्यात दुसरी गंमत म्हणजे हा प्रकार सिंक आहे. फोनवरच्या गूगल फोटोजमधून जागा करायची म्हणून दोनशे फोटो डिलीट केले की ते क्लाउडमधूनपण गेले. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, बॅकअप न झालेले असतील तर ३०, नंतर कायमचे. जागा करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हे वेगळं बटण आहे, ते फक्त क्लाउडला चढलेल्या फोटोंची फोनमधली कॉपी काढतं. दोन बटणांमधला हा फरक घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा, विशेषतः ज्येष्ठ मंडळींना, कारण ‘फोन फुल झाला म्हणून मी फोटो काढून टाकले, गूगलमध्ये आहेतच’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. आयफोनला आयक्लाउड फोटोजचंही असंच, तिथे फुकट जागा ५ जीबी आणि डिलीट केलेलं साधारण ३० दिवस राहतं.

आणि कॅमेऱ्याचं फोल्डर सोडून बाकी फोल्डर आपोआप चढत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले लग्नाचे फोटो, स्क्रीनशॉट, एडिट केलेले फोटो, यांचा बॅकअप हवा असेल तर ‘बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स’मध्ये जाऊन एकेक चालू करावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस सरसकट चालू करू नका नाहीतर सगळे सूर्योदय पैसे भरून क्लाउडमध्ये ठेवाल. हवे ते फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि ते फोल्डर चालू करा. शाओमी, रिअलमी, व्हिवो, ओप्पो असल्या फोनवर बॅटरी वाचवायच्या नादात सिस्टीम फोटोजला मागे चालूच देत नाही, तेव्हा त्या अ‍ॅपची बॅटरी सेटिंग ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा.

पैशांचं म्हणाल तर गूगल वनचा १०० जीबीचा प्लॅन महिन्याला १३० रुपयांच्या आसपास, वर्षाचा घेतला तर तेराशेच्या घरात, आणि घरातल्या अजून पाच जणांना त्यात घेता येतं, एकमेकांचे फोटो दिसत नाहीत, फक्त जागा वाटली जाते. चार वर्षांचे पाच हजार वगैरे होतात. तुम्ही म्हणाल मग त्यापेक्षा दोन हजार जास्त देऊन मोठ्या स्टोरेजचा फोन बरा, पण ते दोन वेगळे खर्च आहेत. मोठं स्टोरेज घेतलं की फोन चार वर्षं कुरकुरणार नाही एवढंच, बॅकअप नसेल तर त्याचा अर्थ एका फटक्यात जास्त जाणार.

सिमकार्ड कंपन्यांच्या फुकट ऑफर आहेत त्याबद्दल. जिओने २०२५ मध्ये गूगलचा २ टीबीवाला एआय प्लॅन दीड वर्षासाठी फुकट दिला, एअरटेलने १०० जीबी सहा महिने दिले. घ्यायला हरकत नाही, पण त्या जागेवर अवलंबून राहू नका. ऑफर संपली की कोटा परत १५ जीबी, तुम्ही मात्र तोपर्यंत दोनशे जीबी चढवलेले. फोटो लगेच उडत नाहीत, पण नवीन चढत नाहीत आणि जीमेलवर मेल येणं-जाणं बंद होतं, बँकेचे स्टेटमेंट, नोकरीचे कॉल लेटर सगळं अडकतं. दोन वर्षं कोट्याच्या वर राहिलात तर गूगल डेटा काढूनही टाकू शकतं. तर फुकट ऑफर घेतली असेल तर संपायच्या दोन महिने आधीचा रिमाइंडर लावून ठेवा, सगळं हार्डडिस्कवर उतरवून घ्यायला तेवढा वेळ लागतो.

वेळ लागतो यावरून, पहिला बॅकअप मोबाईल डेटावर करायला जाऊ नका. समजा ६० जीबी आहे आणि घरच्या वायफायचा अपलोड खरा २० एमबीपीएस मिळतोय, तरी कागदावर पावणेसात तास होतात, प्रत्यक्षात दोन-तीन रात्री. फोन चार्जिंगला, वायफाय चालू, आणि झोपा. दीड-दोन जीबी रोजच्या डेटात हे होणार नाही, महिनाभर ‘बॅकअप होतोय’ दिसत राहील आणि तुम्ही नाद सोडाल.

हार्डडिस्क साधी १ टीबीची पोर्टेबल घ्या, पेन ड्राइव्हवर आठवणी ठेवू नका, फ्लॅश मेमरी वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये बिनविजेची पडून राहण्यासाठी नसते आणि स्वस्तातल्या पेन ड्राइव्हमध्ये तर चिप पण उरलीसुरली असते. फॉरमॅट एक्सफॅट ठेवा, फॅट३२ मध्ये ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, लांब व्हिडिओ अर्धवट राहतात. फोन केबलने लॅपटॉपला लावा, कॅमेऱ्याचे फोटो असतात ते डीसीआयएम फोल्डर उघडा आणि इथे एक गोष्ट अगदी पाठ करून ठेवा, कट नाही करायचं, कॉपीच करायचं. कट-पेस्ट करताना मध्ये केबल हलली की काही फाइली ना इकडे ना तिकडे, आणि त्या काढायचं काम माझ्यासाठी पण जवळपास अशक्यच असतं. एकदम पंधरा हजार फाइली उचलल्या तर विंडोज मध्येच अडकतं, महिन्या-महिन्याचे गठ्ठे करा, ‘२०२५-०३ महाबळेश्वर’ असं नाव द्या, दोन्हीकडची फाइलींची संख्या जुळवा, त्यातले दोन-चार व्हिडिओ हार्डडिस्कवरून चालवून बघा आणि मगच फोनमधून डिलीट. दर तीन महिन्यांनी, किंवा दिवाळी, लग्न, ट्रिप झाली की लगेच. आणि ती हार्डडिस्क गावाकडे, भावाकडे, ऑफिसच्या लॉकरमध्ये, कुठेही, पण स्वतःच्या कपाटात नको.

व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटचं वेगळं आहे. तो रोज रात्री २ वाजता फोनमध्येच एक कॉपी करतो, ती फोनसोबत जाते, तिला बॅकअप धरू नका. गूगल ड्राइव्हवरचा चालू करा, त्यात व्हिडिओ धरू नका नाहीतर कोटा संपेल. ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ चालू केलात तर त्याचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, तो विसरलात तर व्हॉट्सअ‍ॅप कंपनीसुद्धा उघडून देऊ शकत नाही. नवीन फोनमध्ये तोच नंबर आणि तेच गूगल अकाउंट लागतं आणि रीस्टोअरचं विचारणं फक्त सुरुवातीला एकदाच होतं, तिथे घाईत ‘स्किप’ दाबणारे खूप आहेत. दाबलं गेलंच तर नवीन बॅकअप व्हायच्या आत अ‍ॅप अनइन्स्टॉल करून परत टाका. जुना फोन चालू असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे २०२३ पासून आलेलं ‘ट्रान्सफर चॅट्स’, क्यूआर कोड स्कॅन करायचा, क्लाउडची गरजच नाही. आणि घरातल्या गेलेल्या माणसाच्या व्हॉइस नोट असतील, लोक त्याच्यासाठीच येतात माझ्याकडे बऱ्याचदा, तर त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या भरवशावर ठेवू नका. फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप अशा वाटेने गेलं की ‘व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोट्स’ फोल्डर सापडतं, ते आख्खं हार्डडिस्कवर कॉपी करा.

बाकी पटापट सांगतो. कॉन्टॅक्ट सिमवर किंवा ‘डिव्हाइस’वर सेव्ह होत असतील तर गूगल अकाउंटवर हलवा. आधार, पॅन, लायसन्स डिजिलॉकरमध्ये आहेत तर त्याची चिंता नको. यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप्स यांना बॅकअप नसतो, नवीन फोनवर सिम टाकून परत रजिस्टर करायची असतात. लॉगिनचे कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरत असाल तर त्यात सिंक चालू आहे का बघा, नाहीतर फोनसोबत सगळी लॉगिन जातात. कॉल रेकॉर्डिंग, साउंड रेकॉर्डर आणि फोन कंपनीच्या स्वतःच्या नोट्स अ‍ॅपमधलं गूगलच्या बॅकअपमध्ये येत नाही, लोकांना ते नंतर कळतं. आणि अँड्रॉइडचा जो सेटिंगमधला बॅकअप आहे, एसएमएस, कॉल लॉग वगैरेचा, तो फोन ५७ दिवस वापरात नसेल तर पुसला जाऊ शकतो, म्हणजे बिघडलेला फोन दोन-तीन महिने ड्रॉवरमध्ये टाकून ‘बघू नंतर’ म्हणण्यात अर्थ नाही.

क्लाउडचं सगळं एका अकाउंटवर टांगलेलं आहे हेही लक्षात असू द्या. फोन चोरीला गेला, सिम त्याच्यातच, ओटीपी त्याच सिमवर, मग लॉगिन कसं करणार? गूगल अकाउंटमध्ये बॅकअप कोड मिळतात, ते छापून घरातल्या फाइलीत ठेवा, रिकव्हरीला बायकोचा किंवा भावाचा नंबर द्या. आई-वडिलांचा जीमेल पासवर्ड आणि फोनचा पिन घरात कोणाला तरी माहीत असू दे. वडील गेल्यावर त्यांचा फोन घेऊन आलेल्या मुलाला मी पिनशिवाय काहीच देऊ शकत नाही, फोन अगदी चालू असला तरी. शिवाय जे गूगल अकाउंट दोन वर्षं वापरलं जात नाही ते गूगल बंद करून टाकू शकतं.

आता तुमचा क्रम. नवीन फोन ऑर्डर करण्याआधी जुन्याची व्हॉट्सअ‍ॅप सफाई, मग फोटोजचा बॅकअप पूर्ण, मग हार्डडिस्कवर कॉपी. एक्स्चेंजमध्ये जुना देणार असाल तर घाई होते कारण नवीन घेऊन येणारा पोरगा दारात उभा राहून जुना मागतो, त्याच्यासमोर चॅट ट्रान्सफर होत नसतं. दोन-तीन हजार एक्स्चेंजचे सोडायला लागले तरी ६४ वाला पंधरा-वीस दिवस घरातच ठेवा असं माझं मत आहे. तेवढ्या दिवसांत आठवतं की अमुक नोट राहिली, तमुक रेकॉर्डिंग राहिलं. कॉम्प्युटरवर गूगल फोटोज उघडून जुन्या तारखेचे दोन-चार व्हिडिओ चालतायत का ते बघा, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन वर्षांपूर्वीचं चॅट वर सरकवून बघा, फोटो उघडतायत का बघा. सगळं मिळालं की जुन्या फोनमधून गूगल अकाउंट काढा, आधी अकाउंट आणि मग रीसेट, नाहीतर तो लॉक होऊन पुढच्या माणसाला तुमचाच पासवर्ड मागत बसतो. सिम आणि मेमरी कार्ड काढलंय का ते बघून मग द्या.